टर्मिनेटर कोब्राला नायट्रस: न खोललेल्या इंजिनावर पहिला शॉट

नायट्रस, म्हणजे इंजिनला थोड्या वेळापुरती जादा ताकद देणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूची यंत्रणा, बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी बाटली विकत घेतात. ती निळी बाटली डिकीत आडवी झाली की काम अर्धं उरकल्यासारखं वाटतं. माझं मत उलट आहे. बाटली सगळ्यांत शेवटी घ्यायची. आधी इंजिनची तब्येत, मग पेट्रोल, मग ठिणगी, मग वायरिंग आणि वायू अगदी शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरणाला गाडी घेतली आहे २००३-०४ ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा, जिला अमेरिकेत सगळे ‘टर्मिनेटर’ म्हणूनच ओळखतात. ४.६ लिटरचं व्ही-८, ३२ व्हॉल्व्ह, लोखंडी ब्लॉक, ८.५ : १ कॉम्प्रेशन. वर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, साधारण ८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, आणि ब्लोअरच्या खाली ती हवा गार करणारा, पाण्यावर चालणारा इंटरकूलर. कंपनीच्या कागदावर ३९० हॉर्सपॉवर, ३९० पाउंड-फूट टॉर्क. आपल्या कामाची खरी गोष्ट मात्र आत आहे: पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आणि कनेक्टिंग रॉड मॅनलीचे, तेही फोर्ज्ड. म्हणजे कारखान्यातून निघतानाच या इंजिनला मार खायची सवय लावलेली आहे. ओतीव पिस्टनच्या इंजिनावर हाच लेख जसाच्या तसा वापरू नका. तिथे सगळे आकडे खाली आणावे लागतात.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच विचारेल. अमेरिकेतही सगळीकडे मोकळं रान नाही. ओहायोसारख्या राज्यात रस्त्यावर असताना नायट्रसची यंत्रणा निकामी करून ठेवावी लागते, कॅलिफोर्नियात उत्सर्जनाचे नियम आडवे येतात. ही ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, वापरायची वस्तू आहे, आणि पुढचं सगळं तेवढंच गृहीत धरून लिहिलं आहे.

हा वायू नेमकं करतो काय

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. त्याच्या वजनात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत तो २३ टक्के. सिलिंडरमध्ये तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेलं की रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच्या जोडीला जादा पेट्रोल दिलं तर ते जळून जादा ताकद मिळते. जादा पेट्रोल दिलं नाही, तर तोच ऑक्सिजन पिस्टनचा कोपरा खाऊन टाकतो. नायट्रसने इंजिन गेलं असं आपण जे ऐकतो, त्यातली बरीच इंजिनं खरं तर पेट्रोल कमी पडून गेलेली असतात.

दुसरा फायदा थंडाव्याचा. बाटलीतला द्रव बाहेर पडताना उकळतो, तोही उणे ८८ अंशांना. ईटनसारखा रूट्स जातीचा ब्लोअर हवा चांगलीच तापवतो आणि वरच्या आरपीएमला तर जास्तच. म्हणून सुपरचार्जर आणि नायट्रस ही जोडी दिसते तितकी विचित्र नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जीएम-१ नावाने हेच केलं होतं. मेसरश्मिट १०९ आणि युंकर्स ८८ विमानांची सुपरचार्ज्ड इंजिनं उंचीवर धापा टाकायला लागली की त्यांना नायट्रस दिला जाई.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ब्लोअर इंजिनच्या वेगाबरोबर फिरतो, वेग वाढला की हवा वाढते. नायट्रसचं तसं नाही. सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की ठरलेल्या जेटमधून (बारीक भोकाच्या तोटीतून) सेकंदाला ठरलेलाच वायू येतो, इंजिन ३००० वर असो वा ६०००वर. चालू नळाखालून पेले सरकवावेत तसं हे आहे: पेला जितका सावकाश जाईल तितका जास्त भरेल. आकड्यांत सांगायचं तर १०० हॉर्सपॉवरचा शॉट (तेवढी ताकद वाढवणारा वायूचा मारा) ६००० आरपीएमला सुमारे ८८ पाउंड-फूट टॉर्क वाढवतो, ३०००ला १७५. रॉड वाकवतो तो हा टॉर्क, जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा आकडा नव्हे. म्हणून न खोललेल्या इंजिनावर किती मोठा शॉट मारायचा यापेक्षा तो कुठल्या आरपीएमपासून मारायचा हा प्रश्न आधी सोडवायचा.

पहिलं काम: तब्येत तपासा

ही गाडी आता वीस वर्षांच्या पुढची आहे. मधल्या मालकांनी काय काय केलं असेल ते गाडी सांगत नाही, विकणाराही सांगत नाही. आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि जमलं तर लीकडाउनही (सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची चाचणी). सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इथेच थांबा. चालकाच्या बाजूच्या हेडमधून गरम झाल्यावर टिकटिक येते का ते कान देऊन ऐका. या इंजिनचं ते जुनं, ओळखीचं दुखणं आहे आणि नायट्रसने ते बरं होणार नाही. इंटरकूलरचा पंप चालतो का, त्याचं पाणी फिरतं का, हेही बघा. पंप मेलेल्या अवस्थेत गाडी रोज चालवणारे लोक आहेत आणि त्यांना पत्ताही नसतो, कारण साध्या चालवण्यात फरक जाणवत नाही.

मग डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा गाडी आहे तशी चढवा. कोऱ्या कोब्राचा आकडा चाकांवर साधारण ३६०च्या घरात येतो. तुमची बरीच खाली असेल तर आधी त्याचं कारण शोधा. बरीच वर असेल तर आधीच्या मालकाने ब्लोअरची पुली लहान केलेली असण्याची दाट शक्यता आहे. मूळ वरची पुली ३.६५ इंचांची असते, मोजून घ्या. लहान पुली म्हणजे बूस्ट आधीच वाढलेला, आणि मग खालचं कुठलंच गणित तुमच्या गाडीला लागू नाही.

दुसरं काम: पेट्रोल

इथे जरा जास्त थांबू, कारण सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो.

किट दोन प्रकारचे. ड्राय किट फक्त वायू सोडतो आणि वाढीव पेट्रोल गाडीच्याच इंजेक्टरनी द्यावं अशी अपेक्षा ठेवतो. वेट किटमध्ये वायू आणि पेट्रोल एकाच नोझलमधून सोबत येतात. कोब्राचे मूळ इंजेक्टर ताशी ३९ पाउंडचे, आठ मिळून ३१२. सुपरचार्ज्ड इंजिन दर हॉर्सपॉवरला ताशी सुमारे ०.६ पाउंड पेट्रोल पितं असं धरा, म्हणजे ३९० हॉर्सपॉवरला २३४ पाउंड. इंजेक्टर आत्ताच ७५ टक्के उघडे आहेत. शंभराच्या शॉटला आणखी ५० पाउंडांच्या आसपास लागेल, म्हणजे ९१ टक्के. इंजेक्टर ८५च्या पुढे न्यायचा नाही ही सर्वमान्य मर्यादा. निष्कर्ष सरळ आहे: मूळ इंजेक्टर ठेवायचे असतील तर वेट किटच घ्या. ड्राय किट स्वस्त आणि सोपा दिसतो खरा, पण या गाडीवर पहिल्यांदाच काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेट किटने इंजेक्टरचा प्रश्न सुटला, पंपाचा नाही. पेट्रोल शेवटी टाकीतूनच यायचं आहे. कोब्राच्या टाकीत दोन पंप असतात आणि परतीची लाइन नसते. कॉम्प्युटर पंपांचा वेग कमीजास्त करून रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब मॅनिफोल्डपेक्षा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागापेक्षा) साधारण ३९ पीएसआय वर ठेवतो. ८ पीएसआय बूस्ट असताना रेलवर लावलेल्या गेजने ४७च्या जवळपास दाखवायला हवं. पूर्ण थ्रॉटलवर आकडा पडत जात असेल तर आधी फिल्टर बदला, मग पंपांची वायरिंग बघा, आणि तरीही पडत असेल तर पंपाला वाढीव व्होल्टेज देणारा बूस्टर किंवा मोठे पंप यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

या ४७ आकड्यातच एक खाच आहे. किटबरोबर जेटचा तक्ता येतो, त्यात कुठल्या दाबाला पेट्रोलचा कुठला जेट ते दिलेलं असतं. आपला नोझल ब्लोअरच्या आधी बसणार, जिथे बूस्ट नाही. म्हणजे पेट्रोलच्या जेटवर ३९चा नव्हे, पूर्ण ४७चा दाब पडणार आणि तक्त्यातल्या ३९च्या ओळीपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त पेट्रोल येणार. जेट ४७च्या ओळीतून निवडा. उलटी चूक, म्हणजे जास्त दाब धरून जेट लहान घेतला आणि प्रत्यक्षात दाब पडला, ही महागात जाते. म्हणून आधी गेज, मग तक्ता.

रेलवर एक दाबाचं स्विचही लावून घ्या. दाब ४०च्या खाली आला की ते नायट्रसचा रिले तोडतं. किमतीने किरकोळ वस्तू आहे.

तिसरं काम: ठिणगी

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड घ्या. शंभराच्या पुढे जायचं असेल तर दोन पायऱ्या. टोक बाहेर आलेले प्लग नकोत, त्यांची लांब पट्टी तापून लाल होते आणि वेळेआधीच मिश्रण पेटवते. गॅप ०.०३० ते ०.०३५ इंच. सिलिंडरमधला दाब वाढला की रुंद गॅपमधून ठिणगी उडतच नाही, विझते.

टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचा, जुना ठोकताळा आहे: दर ५० हॉर्सपॉवरला दोन अंश मागे. शंभराला चार अंश. ऑक्सिजन जास्त असला की आग भराभर पसरते, म्हणून ती उशिरा लावायची. मूळ ट्यूनवर (कॉम्प्युटरमधल्या पेट्रोल आणि टायमिंगच्या सेटिंगवर) शॉट मारू नका. एससीटीसारख्या ट्यूनरवर नायट्रससाठी वेगळी ट्यून लिहून घ्या आणि साधी ट्यून वेगळी ठेवा, नाहीतर रोजच्या चालवण्यात गाडी मरगळलेली वाटेल. ट्यून लिहिणाऱ्याला किट, जेट, पुली, पेट्रोलचा ऑक्टेन सगळं खरंखरं सांगा. अमेरिकेत जिथे ९३ ऑक्टेन मिळतं तिथली ट्यून कॅलिफोर्नियाच्या ९१ वर चालवायची नाही.

चौथं काम: वायरिंग

बटण दाबलं की नायट्रस सुटतो हे सिनेमापुरतं ठेवा. नीट बांधलेल्या गाडीत बटण फक्त परवानगी देतं, निर्णय सर्किट घेतं. एकामागोमाग एक इतके दरवाजे उघडले तरच सोलेनॉइडला वीज मिळाली पाहिजे: मुख्य स्विच चालू, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, पेट्रोलचा दाब ठीक, क्लच दाबलेला नाही आणि आरपीएम ठरलेल्या खिडकीत.

ती खिडकी विंडो स्विचने लावायची. पहिल्यांदा खालची मर्यादा ३५०० ठेवा. ३०००ला काय होतं ते वर सांगितलंच आहे. वरची मर्यादा ट्यूनमधल्या लिमिटरच्या (इंजिनचा वेग रोखणाऱ्या मर्यादेच्या) ३०० आरपीएम आधी. लिमिटर इंजेक्टर बंद करतो, पण नायट्रसला लिमिटर कोण हे ठाऊक नसतं, तो येतच राहतो. क्लचच्या स्विचचं कारणही तेच. सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना थ्रॉटल दाबून ठेवायची खोड असलेले बरेच असतात.

सोलेनॉइडची वीज रिलेमधून आणि फ्यूजमधून, बॅटरीवरून थेट घ्या. वायरिंगचे सांधे सोल्डर करा किंवा नीट क्रिंप करा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर आपल्याकडे ट्रकवर वर्षानुवर्षं चालते, इथे चालणार नाही.

पाचवं काम: नोझल, लाइन, आणि मग बाटली

नोझल हवेच्या मास सेन्सरच्या पुढे आणि थ्रॉटल बॉडीच्या शक्य तितकं जवळ, तोंड थ्रॉटलकडे. सेन्सरच्या आधी बसवलात तर गार वायू आणि पेट्रोल त्याच्या तारेवर बसेल आणि कॉम्प्युटर भलतंच वाचेल. नळीच्या वळणाआधी बसवलात तर पेट्रोल वळणावर आपटून खाली डबकं करेल, आणि डबक्यातलं पेट्रोल कधी एकदम आत ओढलं गेलं तर होणारा बॅकफायर ब्लोअरमधून जातो. नोझल ब्लोअरच्या खाली, प्रत्येक सिलिंडरला एक असाही बसवता येतो, पण त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून भोकं पाडावी लागतात. पहिल्या गाडीवर नको.

बाटलीपासून पुढे येणारी स्टीलची विणलेली लाइन गाडीखालून नेताना सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि स्टार्टरची केबल या तिन्हींपासून लांब ठेवा. त्या विणलेल्या स्टीलमधून वीज वाहते. केबलवर घासून शॉर्ट झालं तर लाइनला भोक पडेल, आणि आत असणार आहे हजार पीएसआयच्या आसपासचा दाब. एएन जातीच्या जोडांच्या टोकांवर टेप किंवा पेस्ट काहीही लावायचं नाही, ती धातूवर धातू बसूनच घट्ट होतात. चुडीच्या नळाला लावतात तशी पेस्ट फक्त पाइपाच्या निमुळत्या आट्यांवर, तीही पहिले दोन आटे सोडून. तेल, ग्रीस कुठेच नको. नायट्रस ऑक्सिजन देणारा आहे, आणि तेलाला दाबाखाली तेवढं निमित्त पुरतं.

आता बाटली घ्या. दहा पाउंडांची पुरते. शंभराचा शॉट दर दहा सेकंदांना साधारण एक पाउंड खातो, पण बाटली रिकामी होत आली की दाब टिकत नाही, त्यामुळे हिशेबाने दहा धावा निघत असल्या तरी कामाच्या सात-आठच. डिकीत आडवी बसवताना लेबल वर, व्हॉल्व्ह गाडीच्या तोंडाकडे आणि ती बाजू थोडी उचललेली. आतली नळी मागे खालच्या बाजूला वळलेली असते. गाडी सुटली की द्रव मागे जातो आणि नळीला तो मिळतो. उलटी बसवलीत तर ऐन वेळी नळीत नुसती वाफ येईल आणि इंजिन पेट्रोलाने गुदमरेल.

दाब ९०० ते ९५० पीएसआय हवा. बाटली गार असेल तर तिच्यासाठी मिळतो तो विजेचा पट्टा, दाबाच्या स्विचसकट. टॉर्चची ज्योत बाटलीवर फिरवणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी गाडी लावू नका. उन्हात बंद गाडीत बाटली ठेवू नका. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही आणि मग भरलेल्या बाटलीतला दाब वेगाने चढतो. सेफ्टी डिस्क फुटून वायू गाडीत भरू नये म्हणून तिचं तोंड नळीने गाडीबाहेर काढा. ड्रॅग स्ट्रिपवाले ते बघतात. बाटलीवर डीओटीचा (अमेरिकी परिवहन खात्याचा) शिक्का हवा आणि दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). हा वायू हुंगायचा नाही. कोणी हुंगू नये म्हणूनच गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो.

पहिली धाव

आधी गॅरेजमध्ये. बाटली बंद, इंजिन आयडलवर, फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड क्षणभर चालू करा. इंजिन अडखळलं तर पेट्रोल पोहोचतंय. मग इंजिन बंद करा, नोझलकडची वायूची नळी सोडवा, स्विच बंद ठेवून बाटली उघडा आणि सोलेनॉइडच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तो सोलेनॉइड गळतो. गळणारा सोलेनॉइड रात्रभर मॅनिफोल्ड भरून ठेवतो आणि सकाळी किल्ली फिरवली की बॉनेट उडतं.

स्ट्रिपवर जाताना ‘टेस्ट अँड ट्यून’ची संध्याकाळ बघा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना पूर्वी एंग्लिशटाउन हाकेच्या अंतरावर होतं, तिथलं ड्रॅग रेसिंग २०१८ मध्ये बंद झालं. आता ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे गाठावं लागतं. एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या) नियमाने १३.९९ सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीत हेल्मेट लागतं, ११.४९ ला रोलबार. कोब्रा कन्व्हर्टिबल असेल तर रोलबार १३.४९ पासूनच, म्हणजे नायट्रसशिवायसुद्धा.

शंभराचे जेट खिशात ठेवा आणि ५०च्या जेटने सुरुवात करा. दुसऱ्या गिअरमध्ये नको, तिथे टायर फिरतील. तिसऱ्यात, ३५००च्या वर, दोन-तीन सेकंद. नजर वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर): पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५च्या आसपास हवं. १२ ओलांडताना दिसलं की पाय काढा. धाव संपली की इंजिन बंद करून प्लग काढा, भिंग घेऊन पांढऱ्या चिनी मातीवर बघा. मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चमकणारे चांदीचे कण दिसले तर नॉकिंग (मिश्रणाचा बेताल स्फोट) झालं आहे आणि ते चांदीचे कण तुमच्या पिस्टनचेच आहेत. टायमिंग आणखी मागे, किंवा जेट लहान. स्वच्छ दिसले तर ७५, पुन्हा प्लग, मग १००.

शंभरावर मी थांबेन. चाकांवर ४६०-४७० मिळतात, रॉड-पिस्टन ते सहज पेलतात. क्लच मात्र मूळचाच असेल तर चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढतील आणि गाडी तिथेच राहील. पुढचे पैसे मोठ्या जेटवर नव्हे, क्लचवर घाला.